पेट्रोलचा थेंब मोजणारी पेटी

मोटारीचे इंजिन पेट्रोलवर चालते, असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त इंजिन हवा खाते. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. वजनाच्या आकड्यांवरून नीट कल्पना येत नाही, म्हणून आकारमानात सांगतो. एक लिटर पेट्रोलला सुमारे नऊ हजार लिटर हवा! तीन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि दोन मीटर उंच अशा खोलीतली सगळी हवा एका लिटरमागे संपते.

हे प्रमाण बिघडले तर काय होते? पेट्रोल जास्त झाले तर नळीतून काळा धूर निघतो, स्पार्क प्लगवर काजळी बसते आणि सिलिंडरच्या भिंतीवरचे वंगणही धुऊन निघते. कमी झाले तर गाडी मिसिंग मारते. आणि भरल्या गाडीने घाट चढताना, इंजिन पूर्ण जोरात असताना पेट्रोल कमी पडले, तर गोष्ट गंभीर होते. ज्वलन ताळ सोडते, आतून खडखड ऐकू येते आणि काही वेळा ॲल्युमिनियमच्या दट्ट्याला चक्क भोक पडते. म्हणजे प्रमाणातली चूक हजारो रुपयांना पडते.

आजच्या गाड्यांत हे प्रमाण एक इलेक्ट्रॉनिक पेटी सांभाळते. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे भारत स्टेज सहा हे प्रदूषणाचे नियम लागू झाले, तेव्हापासून नव्या मोटारसायकली आणि स्कूटरींतही ती सर्रास आली. पेटी बंद असते आणि तिच्या आत काय चालते हे मिस्त्रीलाही ठाऊक नसते. पण काही हौशी मंडळींनी अशी पेटी घरच्या टेबलावर बसून, हातात सोल्डरिंगची इस्त्री घेऊन बनवली आहे. ती कशी विचार करते ते पाहू या.

पेटीच्या आधी

पेटी येण्यापूर्वी हे काम कार्बोरेटर करीत असे. हवा अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो आणि दाब उतरतो, हा बर्नोलीचा नियम तुम्ही वाचला असेल. त्या उतरलेल्या दाबामुळे बारीक छिद्रातून पेट्रोल आपोआप वर खेचले जाते. ना तार, ना बॅटरी. मला विचाराल तर कार्बोरेटर हे यंत्रविद्येतले एक अतिशय देखणे उपकरण आहे. पण त्याचे छिद्र एकाच मापाचे! महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंच आहे आणि तिथे हवेचा दाब पायथ्यापेक्षा साधारण १५ टक्के कमी असतो. कोकणात नीट जुळवलेला कार्बोरेटर तिथे विरळ हवेच्या मानाने जास्तच पेट्रोल देतो. थंडीच्या पहाटे उलट तक्रार असते. म्हणून चोक ओढायचा, मग आठवणीने परत ढकलायचा.

विजेच्या साहाय्याने पेट्रोल मोजून देण्याचा प्रयत्न अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने १९५० नंतरच्या दशकात केला. १९५८ सालच्या काही क्रायस्लर गाड्यांत ती यंत्रणा बसवलीही होती. पण त्या काळचे इलेक्ट्रॉनिक भाग इंजिनाजवळची उष्णता आणि धक्के सोसू शकले नाहीत. पुढे १९६७ साली जर्मनीतील बॉश कंपनीने फोक्सवॅगन १६०० या गाडीसाठी डी-जेट्रॉनिक यंत्रणा आणली आणि ती टिकली. यातला ‘डी’ म्हणजे जर्मन भाषेत दाब या शब्दाचे आद्याक्षर. दाबावरून हवेचा हिशोब करायचा, ही तिची युक्ती लक्षात ठेवा. घरगुती पेटीही त्याच युक्तीवर चालते.

महापिचकारी

१९९० नंतरच्या दशकात हौशी लोकांच्या एका गटाने स्वतःचा इंधन-नियंत्रक बनवण्याचा घाट घातला होता. त्यांनी मोटोरोलाचा ३२ बिटांचा मोठा प्रोसेसर निवडला. आराखडा फुगत गेला आणि सामान्य हौशी माणसाच्या आवाक्याबाहेर राहिला. मग ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिप्पो या दोन अमेरिकन अभियंत्यांनी उलट वाट धरली. कमीत कमी कशात भागेल, असा प्रश्न त्यांनी विचारला. २००१ साली त्यांनी जो नियंत्रक लोकांपुढे ठेवला, त्यात अवघ्या ८ बिटांची चिप होती. प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट जागा आणि कामापुरते स्मरण फक्त ५१२ बाइट. तुम्ही आता वाचत आहात तो परिच्छेद देवनागरीत साठवायचा म्हटले, तरी त्या स्मरणात मावणार नाही! नाव मात्र त्यांनी दणदणीत ठेवले, मेगास्क्वर्ट. आपल्या भाषेत सांगायचे तर महापिचकारी.

सुटे भाग मागवायचे, रिकाम्या सर्किट बोर्डवर एकेक करून सोल्डर करायचे, जोडणीचे वर्णन वाचत पुढे जायचे, अशी त्याची पद्धत होती. जुन्या गाड्यांचे हजारो शौकीन या कामाला लागले. आराखडा आणि प्रोग्रॅम सर्वांना वाचायला खुला होता. मात्र तो प्रोग्रॅम त्यांच्याच बोर्डवर वापरावा, अशी बोलिंग आणि ग्रिप्पो यांची अट असे. ऑस्ट्रेलियातील जॉश स्टुअर्ट यांनी पुढे सुरू केलेल्या स्पीडुइनो या प्रकल्पात तीही अट उरली नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत दिसणाऱ्या आर्डुइनो मेगा बोर्डवर तो चालतो. कोणीही घ्यावा, बदलावा आणि बदललेला पुन्हा वाटावा.

पिचकारीचे गणित

आता मुख्य प्रश्न. पेटी पेट्रोल मोजते कसे? गंमत अशी की ती पेट्रोल मोजतच नाही. ती वेळ मोजते.

रंगपंचमीची पिचकारी आठवा. पिचकारीवर सारख्याच जोराने दाब देत राहिले, तर किती रंग उडेल हे तुम्ही किती वेळ दाबता यावरच ठरते. इंजेक्टर म्हणजे विजेने उघडणारी अशीच बारीक पिचकारी. आत एक सुई असते. तारेच्या वेटोळ्यातून वीज गेली की वेटोळ्याचे चुंबक बनते, सुई केसाएवढी वर उचलली जाते आणि पेट्रोलचा फवारा उडतो. वीज तोडली की स्प्रिंग सुईला खाली बसवते. पंप आणि दाब-नियामक मिळून पेट्रोलचा दाब कायम राखतात. मग पेटीला एकच गोष्ट ठरवायची उरते : सुई किती मिलिसेकंद उघडी ठेवायची.

एक उदाहरण सोडवू. चार सिलिंडरांचे १६०० घन सेंटिमीटरचे इंजिन घ्या. एका सिलिंडरच्या वाट्याला ४०० घन सेंटिमीटर, म्हणजे ०.४ लिटर हवा आली. साध्या तापमानाला आणि समुद्रसपाटीच्या दाबाला एक लिटर हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम. म्हणून सिलिंडरभर हवा ०.४८ ग्रॅम. तिला १४.७ ने भागले की ०.०३३ ग्रॅम पेट्रोल आले. पाण्याच्या एका थेंबापेक्षाही कमी! आपला इंजेक्टर सेकंदाला २.५ ग्रॅम फवारतो असे धरू. म्हणजे तो सुमारे १३ मिलिसेकंद उघडा हवा.

हा १३ चा आकडा पेटीच्या हिशोबाचे मुद्दल समजा. पुढचे सारे यालाच टक्के लावत जाणे आहे.

पहिला टक्का दाबाचा. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की हवेची झडप जवळजवळ मिटते आणि तिच्या पलीकडच्या नळीत दाब उतरतो. इंजिन नुसते चालू ठेवले असता तिथला दाब बाहेरच्या दाबाच्या ४० टक्क्यांच्या आसपास असतो. बॉईलच्या नियमाप्रमाणे तेवढ्याच जागेत ४० टक्केच हवा मावते. हा दाब मोजायला सिलिकॉनच्या पातळ पडद्याचा सेन्सर असतो. दाबाने पडदा वाकतो, त्यावरच्या रोधांची मूल्ये बदलतात आणि बाहेर पाच व्होल्टच्या आतला एक विद्युतदाब मिळतो. याच सेन्सरने इंजिन सुरू होण्यापूर्वी एकदा बाहेरच्या हवेचा दाब वाचून ठेवला की महाबळेश्वरचा प्रश्नही सुटला.

दुसरा टक्का तापमानाचा, चार्ल्सच्या नियमाचा. हवा २० अंश सेल्सिअसवरून ५० अंशांवर गेली की ती प्रसरण पावते आणि त्याच जागेत सुमारे ९ टक्के कमी हवा येते. (हिशोब करताना २७३ मिळवायला विसरू नका.) पेट्रोलही तेवढेच कमी करायचे.

तिसरा टक्का मात्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडत नाही. इंजिन धावते तेव्हा सिलिंडर दर वेळी काठोकाठ भरत नाही. झडपेतून आत शिरायला हवेला पुरेसा वेळ मिळत नाही, वळणावर ती अडखळते, एखाद्या ठराविक गतीला मात्र नळीतल्या लहरी अशा जुळतात की भरणा उलट चांगला होतो. प्रत्येक इंजिनाची ही तऱ्हा वेगळी. म्हणून पेटीत एक तक्ता ठेवतात. पहिल्या मेगास्क्वर्टमध्ये तो आठ ओळींचा आणि आठ स्तंभांचा, म्हणजे ६४ घरांचा होता. एका बाजूला इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, दुसऱ्या बाजूला नळीतला दाब आणि प्रत्येक घरात ‘सिलिंडर किती टक्के भरतो’ हा आकडा. दोन घरांच्या मधली स्थिती आली तर पेटी मधला आकडा काढते. २००० फेऱ्यांना ६२ आणि २५०० फेऱ्यांना ६८ असेल, तर २२५० ला ६५. हे तुम्हीही तोंडी सांगाल.

आता इंजिन नुसते चालू असतानाचा हिशोब पाहा. १३ मिलिसेकंद, त्याचे ४० टक्के, त्याचे ६० टक्के म्हणजे सुमारे ३ मिलिसेकंद. त्यात आणखी एक मिलिसेकंद मिळवायचा. का? सुई वीज मिळताक्षणी उचलली जात नाही. वेटोळ्यात प्रवाह वाढायला साधारण तेवढा वेळ जातो. बॅटरी उतरलेली असेल तर आणखी जास्त, म्हणून पेटी बॅटरीचे व्होल्टही पाहत राहते.

हे गणित किती वेगाने करायचे? मिनिटाला ६००० फेरे असतील तर चार सिलिंडरांच्या इंजिनात सेकंदाला २०० ठिणग्या पडतात. ठिणगीच्या कॉइलला जोडलेल्या तारेवरून पेटी ते ठोके मोजते. दोन ठोक्यांत अंतर ५ मिलिसेकंद. आपल्याला ते काहीच नाही, पण सेकंदाला ८० लाख टिचक्या मारणाऱ्या त्या चिपला तेवढ्यात ४० हजार टिचक्या मिळतात. तिला दशांश चिन्ह कळत नाही. सगळा हिशोब पूर्णांकांत. तरीही वेळ पुरतो.

याच वेगाला आणखी एक मर्यादा लपलेली आहे. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांतून एकदा हवा ओढतो. ६००० फेऱ्यांना या दोन फेऱ्यांसाठी २० मिलिसेकंद मिळतात. आपला इंजेक्टर १३ मध्ये काम उरकतो, ठीक. त्याऐवजी निम्म्या क्षमतेचा बसवला तर २६ लागतील आणि पिचकारी सतत उघडी ठेवूनही पेट्रोल पुरणार नाही. घाट चढताना दट्ट्याला भोक पडते ते अशा वेळी. फार मोठा इंजेक्टर घेतला तर वेगळीच अडचण. पहिली मेगास्क्वर्ट वेळ एक दशांश मिलिसेकंदाच्या पायऱ्यांनीच मोजू शकत असे. फवारा मुळात दोनच मिलिसेकंदांचा असेल तर एक पायरी म्हणजे पाच टक्के! मग इंजिन उभ्या जागी हेलकावे खाई. पुढच्या आवृत्त्यांत ही पायरी बरीच बारीक केली गेली.

थंड इंजिन आणि घाईचा पाय

एवढ्यावर गाडी चालेल का? गरम झालेल्या इंजिनात, सरळ रस्त्यावर, एका वेगाने चालेल. पण थंड इंजिनात पेट्रोलची पुरती वाफ होत नाही. बरेचसे पेट्रोल नळीच्या भिंतीला ओल धरून बसते. म्हणून थंडपणी जास्तीचे पेट्रोल द्यावे लागते आणि इंजिन तापेल तसे ते कमी करत न्यावे लागते. चोकची कटकट ती हीच, फक्त आता ती पेटीच्या डोक्याला. इंजिनातल्या पाण्याचे तापमान सांगायला थर्मिस्टर असतो. तापला की त्याचा रोध झपाट्याने उतरतो. मोटारीत वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित थर्मिस्टरचा रोध ३० अंशांना सव्वादोन ते अडीच हजार ओहम असतो आणि १०० अंशांजवळ पोचेपर्यंत पावणेदोनशेवर येतो.

भिंतीवरची ही ओल दुसऱ्याही वेळी नडते. ॲक्सिलरेटर एकदम दाबला की हवा हलकी म्हणून लगेच आत धावते, पेट्रोलची ओल मागे रेंगाळते आणि क्षणभर गाडी गचका खाते. त्यावर उपाय म्हणून हवेच्या झडपेच्या दांड्याला एक पोटेन्शिओमीटर जोडतात. झडप किती वेगाने उघडली ते त्यावरून कळते आणि पेटी क्षणभर वाढीव पेट्रोल देते.

राहिला प्रश्न त्या ६४ घरांचा. त्यांत आकडे कोण भरणार? इथे इंजिनाच्या धुराची साक्ष काढावी लागते. बॉशने बनवलेला प्राणवायूचा सेन्सर १९७६ साली व्होल्वोच्या गाड्यांत प्रथम आला. झिर्कोनिया नावाच्या पांढऱ्या भाजलेल्या पदार्थाचे हे टोपण ३०० अंशांच्या वर तापले की स्वतःच वीज निर्माण करते. धुरात प्राणवायू शिल्लक असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास, नसेल तर ०.९ च्या आसपास. पण प्रमाण नेमके किती चुकले ते तो सांगत नाही. फक्त ‘जास्त’ की ‘कमी’ एवढेच. तक्ता भरायला नेमका आकडा सांगणारा, अधिक महागाचा सेन्सर लागतो. मग एक जण गाडी चालवतो आणि शेजारी बसलेला संगणकावर घरामागून घर दुरुस्त करत जातो. यात अनुभवी माणसांचा एक नियम आहे. सुरुवातीला सगळ्या घरांत जरा जास्तच पेट्रोल ठेवायचे आणि हळूहळू कमी करत यायचे. काजळी पुसता येते, भोक पडलेला दट्ट्या सांधता येत नाही. कमाल जोराच्या घरांत तर १४.७ चा आग्रहही धरत नाहीत. तिथे साडेबारापर्यंतचे दाट मिश्रण देतात, त्याने ताकद मिळते आणि इंजिन थंड राहते.

इंधन बदलले तर? आपल्याकडे आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू आधीच असल्यामुळे त्याला ९ पट हवाच पुरते. त्यामुळे या मिश्रणाचे योग्य प्रमाण साडेतेराच्या आसपास येते. कार्बोरेटरला यासाठी छिद्र बदलावे लागले असते. पेटीत मुद्दलाचा एक आकडा बदलला की झाले.

पेट्रोलशिवाय चाचणी

घरी बनवलेली पेटी थेट इंजिनाला कोणी जोडत नाही. आधी तिला फसवतात. त्यासाठी एक छोटा बोर्ड बनवतात. त्यावर फिरवायच्या चार-पाच खुंट्या. एक खुंटी इंजिनाचे खोटे ठोके देते, दुसरी खोटे तापमान, तिसरी झडपेची खोटी स्थिती. इंजेक्टरच्या जागी लुकलुकणारे दिवे. ठोक्यांची खुंटी फिरवली की दिवे भराभर लुकलुकतात, ‘पाणी’ थंड केले की प्रत्येक लुकलुक लांबते. बिचाऱ्या पेटीला वाटते आपण गाडी चालवतो आहोत!

ही चाचणी टाळली तर ट्रान्झिस्टर जळण्याचा धोका असतो. इंजेक्टरच्या वेटोळ्यातली वीज एकदम तोडली की त्यात क्षणभर कितीतरी पट मोठा विद्युतदाब उसळतो. त्याला वाट करून देणारा डायोड उलटा बसला किंवा राहून गेला, तर ट्रान्झिस्टर पहिल्याच फटक्याला जातो. टेबलावर जळाला तर काही रुपयांचे नुकसान. रस्त्यावर जळून इंजेक्टर उघडा राहिला, तर सिलिंडरात पेट्रोल भरू लागेल. म्हणून रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत असा खेळ करू नये. कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल करणे आपल्या कायद्यातही बसत नाही.

मग आपल्याकडे हे ज्ञान कुठे कामाला येते? अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी स्वतः शर्यतीची छोटी गाडी बांधून फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धांत उतरतात. कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर या स्पर्धा झाल्या आहेत. पुण्या-मुंबईचे संघही तिथे असतात. अनेक संघ पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ३९० मोटारसायकलीचे इंजिन घेतात. स्पर्धेचा एक नियम फार मजेदार आहे. पेट्रोल इंजिनाला मिळणारी सगळी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच गोल छिद्रातून गेली पाहिजे. उद्देश हा की ताकद आटोक्यात राहावी. इंजिन कितीही ओढो, छिद्रात हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोचला की त्यापुढे जास्त हवा येतच नाही. पण त्यामुळे सिलिंडर भरण्याची सारी तऱ्हा बदलते आणि कंपनीच्या पेटीतला तक्ता बिनकामाचा ठरतो. संघाला बदलता येणारी पेटी लागते. कोणी ती विकत घेतो, कोणी बनवतो. तक्ता मात्र प्रत्येकाला नव्याने, एकेक घर करत भरावा लागतो. स्पर्धेच्या आदल्या रात्री एखादे घर भरायचे राहिले, तर गाडी नेमकी त्याच वळणावर गचका खाते.

करून पाहा

पेट्रोलला हात न लावता या पेटीचा एक तुकडा तुम्ही घरी अभ्यासू शकता. इलेक्ट्रॉनिक भागांच्या दुकानात १० किलो-ओहमचा एन.टी.सी. थर्मिस्टर मागा. तो काही रुपयांत मिळतो. त्याच्या पायांना दोन लांब तारा जोडा, थर्मिस्टर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि मल्टिमीटर रोधावर लावा. आधी बर्फाच्या पाण्यात बुडवा, रोध ३० हजार ओहमच्या आसपास दिसेल. मग घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन पाणी थोडे थोडे तापवा आणि दर १० अंशांना रोध लिहून घ्या. उकळीला तो हजाराच्या खाली गेलेला असेल. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर तापमान आणि उभ्या अक्षावर रोध घेऊन बिंदू जोडा. रेघ सरळ येणार नाही. आता आलेखात न मोजलेले एक तापमान निवडा, समजा ४५ अंश. शेजारच्या दोन नोंदींवरून मधला आकडा काढा आणि मगच पाण्यात प्रत्यक्ष मोजा. फरक किती टक्के आला? थंड बाजूला, समजा ५ अंशांना, तोच फरक जास्त येतो की कमी, तेही पाहा. पेटी बनवणाऱ्यांनाही याच प्रश्नाचे उत्तर शोधून मग तापमानाच्या तक्त्यात किती घरे ठेवायची ते ठरवावे लागते.